मार्चची मीटिंग आणि लीगलचा हिशेब

दर मार्चमध्ये आमच्या कारखान्यात पुढच्या वर्षाच्या बजेटची मीटिंग होते. आधी फाउंड्रीचा हिशेब होतो: पिग आयर्न, स्क्रॅप, वीज, रिजेक्शनचा टक्का. मग मशीन शॉप, मग माणसं. जेवायला दहा मिनिटं उरली की ‘लीगल अँड प्रोफेशनल चार्जेस’ ही ओळ येते. मी रुजू झाले त्या वर्षी धाकट्या मालकांनी त्या आकड्यावर पेन टेकवून विचारलं, “मॅडम, एवढे पैसे जातात आणि केस एकही संपत नाही. लीगल नेमकं करतं काय?” मी लिमिटेशन, इंडेम्निटी असं काहीबाही बोलले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणून मोठ्या मालकांनी मीटिंग संपवली.

राग आला, पण प्रश्न रास्त होता. शिफ्ट संपली की फाउंड्रीचा सुपरवायझर किती कास्टिंग ओतली आणि किती बाद झाली ते तोंडावर सांगतो. माझ्याकडे सांगायला नुसत्या तारखा होत्या. दोन-तीन माणसांवर लीगल चालवणाऱ्या कंपन्या आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात पुष्कळ आहेत, पुण्या-नाशकातही आहेत. त्यांच्यासाठी मी गेल्या काही वर्षांत जे जे करत गेले ते क्रमाने लिहिते. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. लीगलने आपल्या कामाचा जो आकडा सांगायचा, तो अकाउंट्सच्या माणसाने मान्य केलेला असला पाहिजे. आपण मनाने काढलेल्या ‘बचती’ला मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आधी लेजर

अकाउंट्सकडून ‘लीगल अँड प्रोफेशनल’ खात्याचं गेल्या चोवीस महिन्यांचं लेजर मागा. बेरजा नकोत, प्रत्येक एन्ट्री हवी. एक्सेलमध्ये घेऊन प्रत्येक ओळीपुढे स्वतः लिहा: वकिलाची फी, कोर्ट फी, मुद्रांक, नक्कल-नोटरी-प्रवास, की आपल्याशी संबंध नसलेला सल्लागार. मला दीड दिवस लागला. आयएसओचा सल्लागार, जमिनीचा व्हॅल्युअर, क्रेनची तपासणी करून दाखला देणारे गृहस्थ, सगळे त्याच खात्यात येऊन बसले होते. ज्या रकमेचा जाब मला विचारला जात होता, तिच्यातला बराच भाग माझ्या टेबलावरून कधी गेलाच नव्हता.

हे कळल्यावर लगेच मालकांकडे धावू नका. अकाउंट्सच्या प्रमुखांसोबत चहा घ्या आणि त्या खात्याची तीन-चार उपखाती करून मागा. मार्चमध्ये मागितलं तर एप्रिलपासून होतं. नोव्हेंबरमध्ये मागितलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकायला मिळतं. या एका चहाचा पुढे फार उपयोग होतो, कारण इथून पुढचा प्रत्येक आकडा याच माणसाकडून तपासून घ्यायचा आहे.

दुसरी बाजू तितकी सोयीची नसते. लीगलशी संबंधित काही पैसा दुसऱ्याच खात्यांत दडलेला असतो: तडजोडीची रक्कम ‘मिसलेनियस’मध्ये, बुडालेली येणी वेगळीकडे, उशिरा दिलेल्या बिलांवरचं व्याज तिसरीकडे. वकिलांच्या बिलावरचा जीएसटी वकील लावत नाहीत. रिव्हर्स चार्जने तो कंपनीलाच भरावा लागतो. क्रेडिट मिळत असलं तरी रोख आधी बाहेर जाते, आणि बजेट करताना हीच रक्कम हमखास विसरली जाते. हेही सगळं आपल्या तक्त्यात आणा. खर्च कमी दिसावा म्हणून ते बाहेर ठेवलं, तर एक दिवस दुसरंच कोणीतरी ते बाहेर काढतं.

खटल्यांची वही

यानंतर सगळ्या केसेसची एकच वही. सॉफ्टवेअर नको, एक्सेलची एक शीट पुरे. कोर्ट, पक्षकार, दाव्याची रक्कम, टप्पा, पुढची तारीख, वकील, आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर हा नंबर टाकला की केसची स्थिती, पुढची तारीख आणि झालेले हुकूम फुकट दिसतात. त्यामुळे “काय झालं?” हा फोन वकिलाला करावा लागत नाही, “असं का झालं?” हा करता येतो.

आणखी दोन रकाने हवेत. पहिला, कंपनीत ही केस कोणाची? विक्रीची, खरेदीची, एचआरची? ‘लीगलची’ अशी केस नसते. ज्या विभागाच्या व्यवहारातून भांडण निघालं, त्याच्या प्रमुखाचं नाव तिथे यायला हवं. कागद आणि साक्षीदार त्याच्याकडेच असतात, आणि पाच वर्षांनी पुरावा द्यायची वेळ आली की तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून नाव आजच लिहायचं, आणि त्याचं म्हणणं सहीनिशी आजच फाइलला लावायचं.

दुसरा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला: ही केस आपण का चालवतो आहोत? एका ओळीत उत्तर लिहायचं. काहींना सहज उत्तर सापडतं. पैसे येणं आहे, किंवा हरलो तर इतर ग्राहकही तसाच दावा करतील. काहींपुढे मात्र हात अडतो. माझ्या वहीत अशा केसेस निघाल्या ज्या केवळ बंद करायचा निर्णय कोणी घेत नव्हतं म्हणून चालू होत्या. जुन्या ठेकेदाराशी किरकोळ रकमेचा वाद, समोरचाही दमलेला, आणि दोन्ही बाजूंचे वकील ‘से’ दाखल करायला मुदत मागतायत. अशा केसेस निवडून राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवा. तिथे तडजोड झाली की त्या निवाड्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. एका वर्षात वही निम्मी झाली नाही, पण सात-आठ ओळी गेल्या आणि मोठ्या केसेसकडे बघायला वेळ मिळाला.

एप्रिलमध्ये ऑडिटर येतात तेव्हा हीच वही कामाला येते. एएस २९ प्रमाणे कोणत्या केससाठी तरतूद करायची, कोणती संभाव्य देणं म्हणून नुसती टिपेत दाखवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे त्यांना हवं असतं. आदल्या रात्री वकिलांना फोन करून पत्रं गोळा करणारं लीगल आणि तयार तक्ता पुढे ठेवणारं लीगल यांत अकाउंट्सला जो फरक जाणवतो, तो मीटिंगमध्ये तुम्ही न बोलता मालकांपर्यंत पोचतो.

“मॅडम, जरा बघता का?”

केसेस दिसतात तरी. बाकीचं काम दिसतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येतं, खाली “जरा बघता का” आणि हात जोडलेली खूण. शुक्रवारी संध्याकाळी येतं आणि सोमवारी सकाळी हवं असतं.

दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. कोणी काय मागितलं, केव्हा मागितलं, किती वेळ गेला. आम्ही तिघांनी ठेवली, आणि ‘मोठी’ म्हणून मिरवणारी कामं किती थोडा वेळ खातात हे बघून चकित झालो. बहुतेक वेळ तीन गोष्टींत जात होता: गोपनीयतेचे करार, ग्राहकांच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अटी, आणि भाड्याच्या जागा. तिन्हींत तेच तेच मुद्दे परत येत होते.

मग कामाची वाटणी करा. जे वारंवार येतं आणि ज्यात धोका थोडा आहे, त्याचा नमुना करून संबंधित विभागाच्या हाती द्या. आपला गोपनीयतेचा करार आपल्याच नमुन्यावर असेल तर विक्रीवाल्याने नाव-पत्ता-तारीख भरावी. लीगलकडे यायचं कारण नाही. भाड्याच्या जागांना एक पानी तपासयादी पुरते. त्यात ठळक ओळ एकच: महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, नोटरी करून भागत नाही. मुद्रांकाचीही एक चिठ्ठी अ‍ॅडमिनच्या कपाटाला लावा. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे बऱ्याच करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, तरी सवयीने १०० चाच मागवणारे अजून भेटतात. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून वाचला जात नाही, आणि फरकावर दरमहा २ टक्के दंड चढत राहतो.

ग्राहकांच्या अटींसाठी आम्ही तीन रकान्यांचा तक्ता केला: चालेल, विचारून चालेल, चालणारच नाही. फाउंड्रीवाल्यांसाठी यातले काही मुद्दे सांगण्यासारखे आहेत. ग्राहकाचे पॅटर्न आपल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात; शेवटच्या ऑर्डरनंतर ते किती दिवस सांभाळायचे, विमा कोणी काढायचा, जागेचं भाडं कोणी द्यायचं? गाडीची असेंब्ली लाइन थांबली तर दंड आपल्यावर, पण किती, आणि त्याला कमाल मर्यादा आहे का? कास्टिंगमध्ये दोष निघाला तर नुसती बदली द्यायची, की बाजारातून परत बोलावलेल्या गाड्यांचा खर्चही? पिग आयर्नचा भाव चढला तर दर कधी आणि कोणत्या आधारावर बदलणार? ‘मर्यादेशिवाय दंड’ हा आमचा एकमेव पक्का नकार आहे. बाकी सगळ्यांवर बोलता येतं. तक्ता विक्रीच्या लोकांबरोबर बसूनच करा. लीगलने एकट्याने केलेला तक्ता ड्रॉवरमध्ये जातो.

कामं यायला एकच ईमेल पत्ता ठेवा आणि चार प्रश्न सक्तीचे करा: काय, कोणाबरोबर, किती रकमेचं, केव्हा आणि का हवं. ‘का’ विचारला की निम्मी घाई आपोआप उतरते. बदल्यात आपणही मुदत जाहीर करायची. आमची आहे: आपल्या नमुन्यावरचा करार एक दिवस, समोरच्याच्या नमुन्यावरचा तीन दिवस, नवीन प्रकारचा करार सात दिवस. पहिले तीन महिने ती पाळता आली नाही तरी चालेल; पण किती वेळा पाळली हे लिहून ठेवा. पुढे मालकांना दाखवायचा एक आकडा तोच आहे.

बाहेरचे वकील

पगारी नोकरीतल्या वकिलाला कोर्टात उभं राहता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. म्हणून “तुम्हीच का नाही जात कोर्टात?” या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर एकदाच नीट देऊन ठेवा. दुसरा प्रश्नही हमखास येतो: “वसुली झाली तर इतके टक्के, असं ठरवा की!” तेही होत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाला घेता येत नाही.

फी टप्प्यांवर ठरवा: हजर होणं आणि कैफियत, मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, निकालाची नक्कल. तारखेगणिक फी ठरवली तर तारखा वाढण्यातच वकिलाचं हित बसतं. यात वकिलाचा दोष नाही, रचनेचाच आहे. फीबरोबर प्रवासाचा हिशेब पुन्हा मांडा. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. या भागातल्या कंपनीच्या बजेटमध्ये अजून मुंबईच्या फेऱ्या, लॉज आणि तिथल्या ज्युनिअरची फी जुन्याच आकड्यांनी चालली असेल, तर ती ओळ आधी काढा. आमच्याकडची सगळ्यात सोपी कपात तीच होती, आणि खरं सांगायचं तर तिच्यात आमची हुशारी काडीची नव्हती. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

प्रत्येक तारखेनंतर त्याच संध्याकाळी चार ओळी मागा: आज काय होतं, काय झालं, तहकुबी कोणी मागितली, पुढची तारीख कशासाठी. ‘तारीख पडली’ हा रिपोर्ट नव्हे. सहा महिन्यांनी मोजा, किती तहकुब्या आपल्या बाजूने मागितल्या गेल्या. हा आकडा वकिलाबद्दल सांगतो तितकाच आपल्याबद्दलही सांगतो. माझ्या पहिल्या मोजणीत आमच्या बऱ्याच तहकुब्यांचं कारण एकच निघालं: कंपनीकडून कागद वेळेत गेले नव्हते.

आणि फी वेळेवर द्या. तारखेच्या आदल्या रात्री अकरा वाजता तुमचा फोन कोण उचलतं, हे बरंचसं त्यावर ठरतं.

कोणतं काम बाहेर द्यायचं याला आता आणखी एक कसोटी आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोकरीतला वकील कोर्टात वकिली करत नसल्याने भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण त्याला नाही. साध्या भाषेत, मालक आणि कंपनीतला लीगल यांच्यातल्या ईमेलला वकील-पक्षकारातल्या गुप्ततेचं कवच गृहीत धरू नका. चौकशी, फौजदारी तक्रार, मोठी नुकसानभरपाई असे विषय असतील तर मत बाहेरच्या वकिलाकडून घ्या. ‘आपली चूक आहे असं मला वाटतं’ हे वाक्य ईमेलमध्ये लिहायच्या आधी उठून केबिनपर्यंत चालत जा.

घड्याळं

लीगलची खरी किंमत कुठे आहे असं कोणी विचारलं तर मी कायद्यातल्या मुदतींकडे बोट दाखवेन. इथे एक दिवस चुकला की उत्तम वकीलही काही करू शकत नाही. आणि या मुदती लीगलकडे सुरू होत नाहीत. त्या गेटवर, बँकेत, डिस्पॅचमध्ये सुरू होतात.

चेक परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. कलम १३८ चं हे गणित पाठ असून उपयोग नाही, कारण बँकेचा मेमो आधी अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडतो. विक्रीवाला म्हणतो, “थांबा, पार्टी चांगली आहे, पुन्हा टाकू.” माझ्याकडे कागद येतो तो सत्ताविसाव्या दिवशी. यावर आमचा उपाय साधा आहे: मेमो हातात आला त्याच दिवशी त्याचा फोटो लीगलच्या ग्रुपवर. नोटीस पाठवायची की नाही ते नंतर ठरवू; दिवस मोजायला तरी सुरुवात होते.

समन्सचंही तसंच. ३ लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात, समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत गेली नाही तर ती घ्यायचा अधिकार कोर्टालाही उरत नाही. म्हणून सिक्युरिटी केबिनमध्ये एक रजिस्टर ठेवा: कोर्टाचा, वकिलाचा किंवा सरकारी खात्याचा लखोटा आला की तारीख-वेळ टाकून तासाभरात लीगलकडे. असा दावा आपण लावणार असू आणि तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. तो वेळ धरून उलटं मोजा. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर वर ३० दिवस. त्यापुढे दार बंद. उधारीच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत. म्हणून अडीच वर्षं झालेल्या येण्यांची यादी दर तिमाहीला अकाउंट्सकडून मागवायची. ही यादी मागणारं आपल्याशिवाय कंपनीत कोणी नसतं.

आकडा कसा काढायचा

‘लीगलने इतके कोटी वाचवले’ असे रिपोर्ट मी पाहिलेत. समोरच्याने ५ कोटींचा दावा लावला, ४० लाखांत मिटला, म्हणून ४ कोटी ६० लाखांची बचत! ५ कोटी मिळतील असं दावा लावणाऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं. फायनान्सवाल्याला हे दिसतं, आणि मग तुमचे खरे आकडेही तो त्याच नजरेने वाचतो. अशा वेळी आधार धरायचा तो पुस्तकात केलेल्या तरतुदीचा. तरतूद ५५ लाख होती, ४० मध्ये मिटलं, तर १५ लाख; तेही वकिलाची फी वजा करून.

अकाउंट्स बिनतक्रार मान्य करतं असं एक उदाहरण सांगते. आमची कंपनी मध्यम उद्योगात मोडते, पण आमचे जॉबवर्कवाले आणि छोट्या मशीन शॉपचे मालक सूक्ष्म-लघु आहेत. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने त्यांचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. समजा दर १८ टक्के पडला आणि ४० लाख रुपये तीन महिने अडकले, तर व्याज होतं सुमारे १ लाख ८३ हजार. हे व्याज खर्च म्हणून आयकरात वजा मिळत नाही. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मूळ रक्कमही, मुदत ओलांडली असेल तर, प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही.

यात लीगलने काय केलं? पुरवठादारांकडून उद्यमची प्रमाणपत्रं मागवली, त्यांत उत्पादक-सेवावाले कोण आणि नुसता व्यापार करणारे कोण हे वेगळं केलं (व्यापाऱ्यांना हे व्याजाचं संरक्षण नाही), ज्यांच्याशी लेखी करार नव्हता त्यांच्याशी ४५ दिवसांचा केला, आणि सिस्टीममध्ये त्यांच्या नावापुढे खूण लावून घेतली. एका महिन्याचं काम. आदल्या वर्षी किती व्याज लागू होत होतं आणि या वर्षी किती, हे दोन्ही आकडे अकाउंट्सनेच काढले. मी फक्त ते शेजारी शेजारी लिहिले. ज्यांना पैसे वेळेवर मिळू लागले ते जॉबवर्कवालेही खूश झाले. ते मात्र मी कोणत्याही रकान्यात बसवलं नाही.

पैशांखेरीज दिवस मोजा. विक्रीने करार पाठवल्यापासून सही होईपर्यंत किती दिवस गेले, आणि त्यातले किती आपल्याकडे होते? ही फोड फार महत्त्वाची आहे. ‘लीगलमध्ये अडकलंय’ हे कंपनीतलं सगळ्यात सोयीचं वाक्य असतं, आणि बऱ्याचदा कागद समोरच्याच्या लीगलमध्ये किंवा आपल्याच विक्रीवाल्याच्या इनबॉक्समध्ये पडलेला असतो.

जे घडलं नाही, म्हणजे न लागलेला दावा किंवा टळलेला दंड, त्यावर रक्कम लावू नका. एक ओळ लिहा आणि सोडून द्या.

माणूस मागताना

‘कामाचा फार ताण आहे’ म्हणून माणूस मिळत नाही. ताण सगळ्यांनाच आहे. दोन आठवड्यांची ती नोंद आणि लेजर शेजारी ठेवा. गेल्या वर्षी साधे करार तपासायला बाहेर किती फी गेली, आणि तेवढ्यात नवा एलएलबी झालेला मुलगा किंवा मुलगी वर्षभर ठेवता येईल का? गणित जमत असेल तरच मागा. जमत नसेल तर शहाजी लॉ कॉलेजसारख्या ठिकाणाहून विद्यार्थी इंटर्नशिपला घ्या आणि वहीची कामं शिकवा. करारांचं महागडं सॉफ्टवेअर त्याच्यानंतर. एक्सेल भरायची शिस्त नसेल तर सॉफ्टवेअरही रिकामंच राहतं. एआयच्या फुकट साधनांत ग्राहकाचा करार किंवा ड्रॉइंग टाकायचं नाही, आणि त्याने सांगितलेला निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय वापरायचा नाही, एवढे दोन नियम आमच्याकडे भिंतीवर आहेत.

एक पान

दर महिन्याच्या सात तारखेला उत्पादनाचा एमआयएस मालकांकडे जातो. त्याच्याच मागे लीगलचं एक पान लावा, वेगळा ईमेल नको. पानावर पाच गोष्टी: बजेटच्या तुलनेत खर्च, अकाउंट्सच्या सहीने आलेले-वाचलेले पैसे, करारांना लागलेले दिवस, पुढच्या साठ दिवसांतल्या मुदती, आणि मालकांचा निर्णय हवा असलेली एक किंवा दोन कामं. शेवटची ओळ कधीच रिकामी सोडू नका. निर्णय मागणारं पान वाचलं जातं, नुसतं माहिती देणारं उद्यावर जातं. लॅटिन शब्द एकही नको.

सहावी ओळ मी दुसऱ्या वर्षी घातली: ‘चुकलं ते’. त्या महिन्यात एका चेकची नोटीस एकतीस दिवसांनी गेली होती. बँकेचा मेमो ट्रेमध्ये होता, मी आठवण केली नव्हती, आणि कलम १३८ चा मार्ग बंद होऊन आता नुसता दिवाणी दावा उरला होता. ती ओळ लिहायला हात धजत नव्हता, दोनदा खोडली. मीटिंगमध्ये धाकट्या मालकांनी पान उलटंसुलटं केलं आणि मेमो कोणाकडे येतो असं विचारलं. अकाउंट्सच्या प्रमुखांनी हात वर केला. “आजपासून फोटो मॅडमना, त्याच दिवशी,” एवढं बोलून धाकटे मालक पुढच्या ओळीकडे वळले. मी दीड वर्ष सर्क्युलर काढून जे मागत होते, ते त्या दिवशी दुपारी तीनपासून सुरू झालं.